गोड आवाज आणि पत्र्याचा आवाज

मुकुंदवाडीतल्या आमच्या क्लासात टँकर येवो न येवो, किस्सा रोज येतो. आठवून ठेवावा लागत नाही, डोक्यात आपोआप साचतो!

मी अंध, विद्यार्थीही अंध. कॉम्प्युटर शिकवतो. पडद्यावरचं वाचतो तो स्क्रीन रीडर. तो ज्या आवाजात बोलतो, तो सिंथेसायझर. दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे सांगून सांगून माझा घसा बसला. तरी भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणतो, "सर, आवाज बेकार आहे, रीडरच बदला की!"

अहो, हॉर्न आवडला नाही म्हणून कुणी बस बदलतं का?

*

आमच्याकडे दोन आवाज. एक फुकटातला, पत्र्यावर खडे पडावेत तसा. दुसरा विकतचा, गोड बाईचा. पण बाई हिंदीतली. मराठीतला 'ळ' तिला झेपेना.

सलीमभाई पूर्वी रिक्षा चालवायचे, नजर उतारवयात गेली. त्यांनी टाइप केलं, 'नळाला पाणी नाही.' बाई गोड आवाजात म्हणाली, "नलाला पानी नाही."

सलीमभाई हळूच माझ्याकडे वळले. "सर, ये नलाला कौन है? बेचारे को पानी तो दो!"

*

पडेगावला आमची नवी सोसायटी. इमारती भराभर उभ्या राहिल्या, पाणी काही वर चढेना. टँकरचे मेसेज ग्रुपवर, मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. माझ्या मोबाइलमधला इंग्रज ते असं वाचतो की टँकर आलाय की कुणी वारलंय, कळत नाही! दोनदा टँकर हुकला. बायको रिकाम्या बादल्या आपटत म्हणाली, "जगाला कॉम्प्युटर शिकवता, अन् घरात पाण्याचा पत्ता नाय!"

*

सरावलेला माणूस रीडर फार वेगात ऐकतो. सलीमभाई नोकरीचा अर्ज लिहीत होते, आवाज सुसाट. तेवढ्यात पाहणीला आलेल्या एका साहेबांनी धावत जाऊन प्लगच उपटला.

"अहो, मशीन बिघडलं होतं! पेटलं असतं!"

लिहिलेला अर्ज उडाला. मी कपाळावर हात मारून घेतला. सलीमभाई शांतपणे म्हणाले, "साहब, मशीन ठीक है. आप ज़रा स्पीड बढ़ाओ."

*

कावेरी फुलंब्रीकडची, मेंढपाळाची लेक. गोड आवाज तिला नको. "सर, ती बाई माझं बोलनं बिघडवती. पत्राच बरा."

त्या उन्हाळ्यात तिचे आण्णा तिला न्यायला आले. गावात पाणी नाही, कळप नदीकाठाला हलवायचा. "पोरगी एकटी हितं कशी ठिवू, सर?"

मी समजावू लागलो. ते ऐकेनात. वडिलांपुढं कावेरीच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. मग कीबोर्ड खडखडला, अन् पत्रा बोलला, "आण्णा, मला हितंच ऱ्हायचंय. शिकून नौकरी करनार."

आण्णांनी थेट कॉम्प्युटरलाच विचारलं, "जेवायचं कसं?"

खडखड. "मेस हाय."

"अन् भ्या वाटलं तर?"

कीबोर्ड थांबला. मग हळूहळू एकेक की.

"तुमाला फोन करीन."

आण्णांनी नाक ओढलं. काठी टेकवत एकटेच दारापर्यंत गेले, तिथून वळून कॉम्प्युटरला म्हणाले,

"पाव्हणं, आवाज लई बसलाय तुमचा. सुंठ घेत जा."