ताईची गाठ

माझी थोरली बहीण सोल आणि पॉप अशी पाश्चात्य धाटणीची गाणी गाते. "सोल म्हणजे नेमकं काय गं?" असं आईने एकदा विचारलं. "पोटातून गायचं," ताई म्हणाली. आईने स्वतःच्या पोटावर हात ठेवून पाहिला आणि पुन्हा भाजी निवडायला घेतली.

ताईचा आवाज लहानपणापासून खरखरीत. फोन तिने उचलला की लोक "साहेब" म्हणत. शाळेच्या समूहगीतात तिला नुसते ओठ हलवायला सांगत आणि मला, गोड गळ्याची म्हणून, पुढे उभं करत. मोठेपणी सगळं उलटंपालटं झालं. तिच्या पहिल्या गाण्याच्या वेळी रेकॉर्डिंगवाल्याला वाटलं, माईक बिघडलाय. वायर बदलली तरी खरखर तशीच. मग तो कान देऊन ऐकतच राहिला. ते गाणं इतकं गाजलं की सलूनमधे दाढी अर्धी टाकून न्हावीही गुणगुणायचा. लोकांनी ताईला डोक्यावर घेतलं. मी तिच्यामागे उभी राहून कोरसमधे "आ आ" करू लागले. गोड गळ्याचं काय चुकलं, मला काही उमगलं नाही.

मग एका कार्यक्रमात वरचा सूर लावताना तिच्या तोंडून नुसती हवा आली. डॉक्टर म्हणाले, स्वरतंतूवर गाठ आहे, वर्षानुवर्षांची. काढली नाही तर आवाज कायमचा जाईल.

"आणि काढली तर?" ताईने घोगऱ्या कुजबुजीत विचारलं.

"एकदम स्वच्छ होईल."

"स्वच्छ म्हणजे कुणासारखा?"

डॉक्टरांना तो विनोद वाटला. सोबत आलेला आमचा ड्रमवाला मात्र भडकला. "आवाज बदलला तर गाठ माझ्याशी आहे!" म्हणाला.

माझी तर नुसती घालमेल. ताई बरी व्हावी असं वाटायचं, आणि लगेच वाटायचं, ती खरखर गेली तर ताई म्हणून उरणार काय? सकाळी मी तिला "करून टाक" म्हणायचे, संध्याकाळी "थांब जरा". शेवटी तीच वैतागून दवाखान्यात दाखल झाली.

गाठ काढल्यावर बोलायला सक्त मनाई. ती खुणा करायची. मी भलताच अर्थ लावायचे, मीठ मागितलं तर चादर आणून द्यायचे. असे दिवस काढल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली. ताईने आधी गावी आईला फोन लावला. मी शेजारीच बसले होते. फोन स्पीकरवर होता.

"आई, मी बोलतेय."

मी दचकलेच. माझं तोंड तर बंद होतं.

"बोल गं धाकटे," आई म्हणाली. "ताईचं कसं आहे? यायला लागलं का तिला बोलायला?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. फोन तिच्याकडून घ्यावा की नाही, मला सुचेना.

"नाही गं आई," ताई म्हणाली. "अजून नाही."