दोघांची उंबरं

कुशाबा परब घोडपदेवला आमच्या चाळीत तळमजल्यावर राहायचे. रे रोडच्या लाकडाच्या वखारीत ओंडके लोटायचे. बायको गंगुबाई गावाला. ती गेल्याचं पत्र पोचलं तेव्हा तिचं तेरावंही होऊन गेलं होतं. पत्र वाचून घेतलं आणि माणूस कामावर गेला.

वखारीच्या मालकाने मलबारच्या जंगलातून ओंडक्यांबरोबर धनेश पक्ष्यांची जोडी आणवली होती. मागल्या अंगणात खोलीएवढा पिंजरा, त्यात एक पोकळ खोड उभं. जोडीचं सगळं कुशाबांकडे. एकदा मला ओढूनच बघायला नेलं. काळंपांढरं धूड, चोचीवर पिवळा टोप, नराचे डोळे लालभडक. तो शेपटीच्या मुळाशी चोच घासायचा आणि तिथलं पिवळं तेल पंखांना चोळायचा.

"हळद लावता बघ नवरो," कुशाबा म्हणाले.

मग नराने घशातून एक उंबर वर काढलं, चोचीच्या टोकावर धरलं आणि मादीपुढे मान झुकवली. तिने तोंड फिरवलं. त्याने ते गिळलं, परत काढलं, परत पुढे केलं. किती वेळ ते चाललं. शेवटी तिने घेतलं.

"एवढी मिनतवारी मी मालकाची केली असती तर मुकादम झालो असतो," मी म्हणालो.

"तुझ्याच्यान जमाचा नाय ह्यां. तुका आधी राग येता."

मग छप्पन साल आलं. जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांवर गोळीबार झाला. आमच्या गल्लीतली दोन पोरं परत आली नाहीत. मी सत्याग्रहींच्या तुकड्या जमवत होतो. एका तुकडीत एक माणूस कमी पडला, म्हणून वखारीत गेलो. मादी तेव्हा खोडात शिरली होती. चिखल आणि विष्ठा लिंपून तिने आतून दार बंद केलं होतं, बोटभर फट तेवढी उघडी. पिल्लू वाढेपर्यंत ती बाहेर येत नाही. नर फटीतून भरवतो.

"माणसं मरतायत आणि तुम्ही पाखरांची बाळंतपणं काढताय? लाज नाही वाटत, कुशाबाकाका?" चार लोकांत बोललो.

त्यांनी नाव दिलं.

पोलिसांच्या गाडीत चढताना त्यांनी माझं मनगट धरलं. "राजाराम, दगडूक सांग. नर एकटोच दिसतलो, पण खाणारी दोघां आसत. दोघांचां टाकूक सांग. सांगशील मां?"

"सांगतो हो. चढा तुम्ही."

दगडू त्यांच्या जागी ठेवलेला बदली कामगार. मी त्याला सांगितलं नाही. विसरलो म्हणायची सोय आहे, पण मी विसरलो नव्हतो. दोनदा वखारीवरून गेलो. झेंडा खांद्यावर घेऊन पाखरांचा निरोप द्यायला मी आत जायचं? मान ताठ ठेवून पुढे गेलो.

दगडूला पक्षी एक दिसला, त्याने एकाचं टाकलं. नराने सगळं फटीतून आत दिलं. कुशाबा सुटायच्या आदल्या दिवशी तो पिंजऱ्यात खाली पडलेला सापडला. दगडूने नेऊन खाडीत टाकला.

तुरुंगाच्या दारात मी हार घेऊन उभा होतो. कुशाबांनी हार घालून घेतला नाही. थेट वखारीत गेले, मी मागे.

"हातात वजनच लागलं नाही हो त्याचं," दगडू म्हणाला. "मला वाटलं, मादी कधीच मेली. मला कुणी बोललं का?"

कुशाबांनी माझ्याकडे बघितलं. "सांगलंस नाय?"

"नाही."

"बरां," ते म्हणाले.

त्यांनी शिडी लावली. मी ती धरली, कारण हातांना दुसरं काही सुचलं नाही. वर जाऊन त्यांनी दोन बोटांत उंबर धरलं आणि फटीशी नेलं. आतून काही हललं नाही. त्यांनी हात मागे घेतला, पुन्हा पुढे केला. मागे, पुन्हा पुढे. दगडू जेवून आला तरी तेच. केव्हातरी चोचीचं टोक बाहेर आलं आणि उंबर आत गेलं. कुशाबांनी खिशातून दुसरं काढलं.

तेव्हापासून रोज सकाळी उंबरं मी आणून पिंजऱ्याच्या दाराशी ठेवू लागलो. आत ये असं त्यांनी कधी म्हटलं नाही. मीही विचारलं नाही.