जुन्या मशीनचं सोंग

गोपिका निखारे नागपूरच्या एका कचेरीत संगणकासाठी पगाराचे प्रोग्राम लिहायची. चौऱ्याऐंशी साली नवा संगणक येणार म्हटल्यावर तिची आई वच्छलाबाई धास्तावली. पोरीची नोकरी गेली तर?

पण गोपिका हसतच घरी आली. "आई वं, नवं मशीन जुन्याचं सोंग घेते. माहे प्रोग्राम त्याच्यात जसेच्या तसे चालून राहिले."

वच्छलाबाईनं गल्लीत संत्राबर्फी वाटली.

मग नव्या मशीनवर काम शिकायच्या मुंबईच्या ट्रेनिंगची नावं लागली, त्यात गोपिका नव्हती. साहेब म्हणाले, "बाई, तुमचं जुनं चालून राहिलं ना? मग नवं काहून शिकता?" तिला वर तक्रार करायची होती. वच्छलाबाईनं अडवलं. "चूप राह्य. नोकरी वाचली, तेच लय झालं."

ट्रेनिंग घेतलेल्या पोरांनी हळूहळू सगळे प्रोग्राम नव्यानं लिहिले. सोंगाची गरज संपली आणि गोपिकाला टपाल शाखेत बसवलं.

त्या संध्याकाळी वच्छलाबाईनं भीतभीत विचारलं, "नोकरी तर हाय नं वं?"

"हाय," गोपिका म्हणाली आणि बोटांवर वाळलेला डिंक नखानं खरवडत राहिली.