आप्पांचा राहिलेला दवाखाना

गल्लीत डांबर टाकलं की त्या वासाने मी अजून त्या जीपमध्ये जाऊन बसते.

माझे वडील, आप्पा, मुरबाडचे नगराध्यक्ष होते. घरोघरचे नळ, झाकलेली गटारं, रस्त्यावरचे दिवे, सगळं त्यांनी भांडून आणलं. त्या दुपारी त्यांच्या छातीत कळ आली आणि गावात मोठा दवाखाना नव्हता, म्हणून आम्ही जीपने कल्याणला निघालो. त्यांनीच करवून घेतलेल्या रस्त्याचं डांबर उन्हात वास सोडत होतं. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

“दवाखाना करायचा रायला गो,” ते म्हणाले.

“बोलू नका, आप्पा. आलंच कल्याण.”

कल्याण लांब होतं. तेव्हा वाटलं, दुखण्यापायी बोलतायत. आता वाटतं, त्यांना उद्या अशीच कल्याणला न्यावी लागणारी गावातली बाकीची माणसं दिसत होती. मी नुसता त्यांचा हात चोळत राहिले. वाटेतच तो गार पडला.