पाठ केलेली ओळ

तुम्हा दोघा नातवंडांकडे उन्हाळ्यात यायचं म्हणून मी बॅग थंडीतच काढली होती. काय काय न्यायचं त्याची यादी झाकणाला आतून चिकटवली होती. मुगवड्यांचे डबे तर भरूनही झाले होते. तुमच्या बाबांची अट एकच होती. "आई, आधी डोळे तपासून घे. एकटीनं दोन विमानं बदलायची आहेत, पाट्या वाचता आल्या पाहिजेत."

पाट्या मला दिसत नव्हत्या. यवतमाळच्या बसस्टँडवर गाडी कुठली, हे मी वर्षभर शेजारी उभ्या असलेल्या माणसाला विचारत होते. कुणाला बोलले नव्हते.

डोळ्यांच्या दवाखान्यात बरीच गर्दी होती. आत एकेक जण तक्त्यावरची इंग्रजी अक्षरं मोठ्यानं वाचायचा आणि दार उघडंच होतं. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलेलं. तिसऱ्या माणसाच्या वेळी सगळ्यांत खालची ओळ मला पाठ झाली. वर्गात कॉपी सापडली की मी पेपर काढून घेत असे. ते आठवलं. पण बॅगही आठवली.

"आजी, खालची ओळ वाचा जी," तपासणारी मुलगी म्हणाली.

मी न अडखळता वाचली.

"वा! आता दुसऱ्या डोळ्यानं."

मी पुन्हा तीच म्हटली. मुलगी हळूच म्हणाली, "आजी, तक्ता तं म्या बदलवला ना. आता मराठी अक्षरं आहेत."

माझ्या आधी तपासून झालेले घाटंजीचे एक म्हातारे दाराशीच बसले होते. ते हसून म्हणाले, "माह्यंच आयकून पाठ केलं बाईनं! अर्धे मार्क मले द्या जी."

सगळे हसले. मलाही हसावं लागलं.

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, तो काढता येईल. डाव्याचा पडदा खराब झाला आहे, तो सुधारायचा नाही. एवढ्यात एकटीनं प्रवास नको, असं डॉक्टर म्हणाले. घरी येऊन मी तुमच्या बाबांना फोनवर सांगितलं, "डोळे ठीक आहेत."

आठवड्यानं तुमच्या आईचा फोन आला. थोरले, तू गणिताचा पेपर गादीखाली लपवला होतास. "आई, तुम्हीच समजवा तिला. तुमचं ऐकते ती."

मी कोणत्या तोंडानं समजावणार होते? रविवारी व्हिडिओवर चौघंही आलात, तेव्हा मी आधी माझा निकाल सांगितला. पाठ केलेल्या ओळीचंही सांगितलं. तुमचे बाबा म्हणाले, "म्हणजे या उन्हाळ्यात नाही."

"नाही," मी म्हटलं.

थोरले, तेव्हा तू उठून गेलीस आणि पेपर आणून कॅमेऱ्यासमोर धरलास. मला नुसता पांढरा चौकोन दिसला. "वाच," मी म्हटलं.

"पन्नासपैकी चौदा."

चाळीस म्हणाली असतीस, तरी मला कळलं नसतं.

मुगवड्यांचे डबे पुन्हा फळीवर गेले आहेत. यादी काढवली नाही.

आणि धाकट्या, तू पडलेला दात दाखवलास तेव्हा मी "केवढी मोठी खिडकी!" म्हणाले होते ना? मला काहीच दिसलं नव्हतं. आता तिथे नवा दात आला का? सरळ आहे, की बाबांसारखा जरा वाकडा? नीट बघून सांग.