बिनमार्कांचा शेवटचा प्रश्न

नववीच्या वार्षिक परीक्षेचा इंग्रजीचा पेपर मी न वाचता छापायला दिला. काढलाही मी नव्हता. मोबाइलमधल्या एआयला सांगितलं, त्यानं माझा चहा गार व्हायच्या आत काढून दिला आणि मी तो जसाच्या तसा झेरॉक्सवाल्याकडे पाठवला. 'सूचना काळजीपूर्वक वाचा' हे फक्त पोरांसाठी असतं, अशी तेवीस वर्षांच्या नोकरीत माझी समजूत झाली असावी.

परीक्षा संपल्यावर मुख्याध्यापकांनी पेपर डोळ्यांजवळ नेला. "सर, ही काय धमकी दिलीय पोरांना?"

शेवटच्या प्रश्नाखाली एक ओळ जादा होती. 'वुड यू लाइक मी टू मेक इट हार्डर?' म्हणजे, आणखी अवघड करून देऊ का? एआयनं ते मला विचारलं होतं. पुढं मार्क अर्थातच नव्हते, म्हणून जवळजवळ सगळ्या वर्गानं ती ओळ सोडून दिली.

एका मुलीनं सोडली नव्हती. वडीगोद्रीत हायवेला तिच्या वडिलांचं चहाचं हॉटेल. तिचा पेपर नेहमीसारखाच, जोड्या आणि चूक-बरोबर तेवढं केलेलं, बाकी सुरेख अक्षरात प्रश्न उतरवलेले आणि उत्तरांच्या जागा कोऱ्या. तोंडी परीक्षेतही ती गप्पच. पाठ केलेलं 'माय सेल्फ' तोंडाशी येऊन अडायचं. इंग्रजीत राहिली तर पुन्हा नववी, आणि धाकटी बहीण आठवीत. मागं एकदा मला म्हणाली होती, "सर, धाकटी माझ्या बाकावर येऊन बसंल. मी शाळाच सोडते मंग."

त्या जादा ओळीखाली तिनं लिहिलं होतं, 'नो सर. प्लीज डू नॉट टेक ट्रबल. ऑलरेडी व्हेरी हार्ड. आय नो मीनिंग, बट हँड इज स्टॉप.'

लाल पेन उघडून मी तसाच बसलो. चूक दिसत होती, पण पेन टेकवावंसं वाटेना. हे कुठल्याच गाइडात नव्हतं. माझ्या बाकी प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे तयार असतात, पोरं ती मला परत करतात, आणि हल्ली मोबाइल त्यांच्याहून चांगली परत करतो. वापरत असूनही मी त्याच्यावर चिडून होतो ते यासाठीच. पण मीसुद्धा तेवढंच मागत आलो होतो की.

तोंडीचे गुण अजून पाठवायचे होते. जी पोरं गप्प राहिली होती त्यांना मी दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. तिचा नंबर पहिला.

"माय सेल्फ नको," म्हणालो आणि हॉटेलात ती काय करते ते इंग्रजीत विचारलं.

घाई करायची नाही म्हणून मी खिडकीबाहेर बघत बसलो.

"ट्रक कम्स," ती म्हणाली. "तमिळ ड्रायव्हर. नो मराठी, नो हिंदी. आय आस्क, शुगर? ही से, नो शुगर, डॉक्टर."

"देन?"

"आय गिव्ह लिटल. ही इज सॅड, सर."

मी मोठ्यानं हसलो, मग तीही. पुढं पंधरा मिनिटं मी विचारत राहिलो, कारण मला खरंच ऐकायचं होतं. व्याकरणाचे तुकडे पडत होते, पण समजलं नाही असं एकही वाक्य नव्हतं. तिचे गुण मी तिच्यासमोरच लिहिले. लेखीचे थोडे आणि हे मिळून जेमतेम, पण पास. तिनं आकड्यावर बोट ठेवून बेरीज दोनदा करून पाहिली.

ती निघाली तेव्हा मला राहवेना. "पेपरात लिहायचं सगळं सोडून ते एकच कसं लिहिलंस गं?"

"बाकीचं तर तुम्हाला येतंच की सर. हे तुम्हाला म्हाईत नव्हतं, म्हून सांगितलं."

माझी छाती फुगली होती, खोटं कशाला सांगू. पण तिच्यापुढं ते पचेना. "अगं, तो प्रश्न माझा नव्हता. त्या एआयचा. चुकून छापला गेला."

तिला काहीच नवल वाटलं नाही. दप्तर खांद्याला अडकवत म्हणाली, "तरीच! मी म्हणलं, सर कधीपासून आम्हाला इचारून राह्यले!"