काळं दिसतं ते पाणी

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या एक्स-रे-सोनोग्राफी सेंटरवर पेशंट विसरून गेलेल्या फिल्म कपाटावर साठतात, तसे हे किस्से माझ्या डोक्यात साठलेत. मी तिथला टेक्निशियन. फिल्म निदान रद्दीत जातात, किस्से कुणाला देणार!

*

एक मेंढपाळ बाबा पाय मोडून आले. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. "हे बघा बाबा, इथं तडा आहे."

"हितंच हाय, हे म्या सकाळीच बोटानं चाचपून बायकोला सांगितलं," बाबा म्हणाले. मग मोठ्या मनाने मान डोलवली, "पर मशीन चांगली हाय तुमची. बराबर सांगती!"

*

छातीच्या एक्स-रेला गळ्यातलं काढावं लागतं, नाहीतर फिल्मवर तेच उमटतं. एक काकू काही ऐकेनात. "मालक जित्ते असताना खाली ठिवू व्हय?"

शेवटी त्यांनी मंगळसूत्र काढून मालकांच्याच गळ्यात घातलं! मालक निमूट बाहेर जाऊन बाकावर बसले. शेजारचे गृहस्थ त्यांच्याकडे बघत राहिले, मग उठून स्वतःच्या बायकोला म्हणाले, "चल, आपण उद्या येऊ."

*

नव्या सोसायट्यांना बोअरची जागा दाखवणारे एक पाणाडी पोटाच्या सोनोग्राफीला आले. दुष्काळाचं साल, बोअरवर बोअर कोरडे जात होते, त्यामुळे आधीच वैतागलेले. डॉक्टरबाई स्क्रीन दाखवत म्हणाल्या, "हे काळं दिसतं ना, ते पाणी."

पाणाडी ताडकन उठून बसले. "किती फुटावर?"

*

सोनोग्राफीला लघवीची पिशवी भरलेली लागते, तरच आतलं नीट दिसतं. म्हणून पेशंटला लिटरभर पाणी प्यायला सांगतो. दुष्काळात ते सांगायला माझी जीभ रेटायची नाही.

एकदा टँकर आलाच नाही. सेंटरचा जार कोरडा. नेमकी देवगाव रंगारीची संगीता सासूबरोबर आली. महिनाभर पोटात कळा, त्यात गावात कुणीतरी 'गाठच असणार' म्हणालेलं. दोघींचे चेहरे पांढरे पडलेले.

सासूने पिशवीतून बाटली काढली, तीही अर्धी. मग बाकावरच्या एकेकाने आपापल्या बाटलीतले दोन-दोन घोट त्या बाटलीत ओतले. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू!

संगीता आत गेली. बाहेर एकही माणूस जागचा हलेना. ज्याचं त्याचं पाणी आत गेलेलं!

डॉक्टरबाई हसतच बाहेर आल्या. "गाठबीठ काही नाही हो आजी. बारीक खडा आहे, आपोआप पडून जाईल. फक्त तिला रोज तीन-चार लिटर पाणी पाजा."

सासूने डोळे पुसले, बाकावरच्या सगळ्यांकडे एकवार बघितलं आणि विचारलं, "कुणाचं?"